मुलाला शोधताना भेटलेले वडील

मशीन लर्निंगमध्ये काम करणाऱ्यांना कारुनेन-लोएव्ह हे जोडनाव ठाऊक असतं. ढीगभर डेटातून कामाची मोजकी माहिती वेगळी काढायची ही एक गणिती रीत. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असताना ती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. इकडे बोस्टनजवळ नोकरीला लागल्यावर लक्षात आलं, की काही पुस्तकांत या दोघांच्या आधी आणखी एक नाव असतं, कोसंबी. म्हणजे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी! त्यांनी हे गणित १९४३ मध्येच, त्या दोघांच्या आधी मांडलं होतं. त्यांच्याबद्दल वाचायला बसलो आणि वडिलांपाशीच अडकलो.

धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्यांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र माझ्या पिढीत फार कुणी वाचलेलं दिसत नाही. चांगली मराठी आत्मचरित्रं सांगा म्हटलं तर लोक ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. ‘निवेदन’चं नाव मात्र त्या यादीत क्वचितच येतं. १९२४ साली निघालेलं हे पुस्तक मी दोन शनिवार-रविवारांत संपवलं.

धर्मानंदांचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या सांकवाळचा. पोर्तुगीज अमदानी, घरची नारळाची बागायत, शिक्षण जेमतेम आणि लग्न लहान वयात. ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. बुद्ध समजून घ्यायचा तर आधी संस्कृत हवं, आणि संस्कृत हवं तर गोवा सोडायला हवा, असा त्यांचा सरळ हिशेब. १८९९ च्या अखेरीस ते निघाले. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही माणिक.

पुढचा प्रवास वाचताना मी नकाशा उघडून बसलो होतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि व्याकरण घोकायचं. तिथून नेपाळ, कारण तिथे बौद्ध धर्म जिवंत असेल अशी आशा. ती फोल ठरली. मग बोधगया, कलकत्ता आणि शेवटी श्रीलंका. तिथल्या विद्योदय विद्यालयात त्यांना हवं ते, म्हणजे पाली, मिळालं आणि त्यांनी दीक्षाही घेतली. त्यानंतर ब्रह्मदेश. खिशात बहुतेक वेळा पैसे नाहीत, पुढच्या गावात ओळखीचं कुणी नाही. आपण व्हिसाचा एक कागद अडकला तर रात्रभर जागतो!

मला आवडलं ते हे, की त्यांनी स्वतःला कुठे वीरपुरुष केलेलं नाही. निराशा, आजारपण, पुन्हा पुन्हा फसलेले बेत, सगळं साध्या शब्दांत येतं.

१९०६ च्या सुमारास ते भिक्षूचा वेश सोडून संसारात परतले. १९०७ मध्ये दामोदर जन्मले. कलकत्त्यात पाली शिकवायची चांगली नोकरी होती. ती सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना ५० रुपयांची वृत्ती घेतली. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहायचं आणि लिहायचं. पगार कमी करून गावाकडे परतणारा माणूस आजही आपल्याला थोडा वेडाच वाटतो.

आणि मग आमचं केंब्रिज येतं. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची मुंबईत भेट झाली आणि १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला निघाले. काम होतं ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचं. हेन्री क्लार्क वॉरन यांनी ते सुरू केलं होतं, पण ते १८९९ मध्येच वारले. म्हणजे धर्मानंदांनी घर सोडलं त्याच साली. वॉरन यांचं घर हार्वर्डच्या आवारात अजून आहे, मी मुद्दाम जाऊन पाहिलं. आज सगळे जिथे फोटो काढतात ते वाइडनर ग्रंथालय मात्र तेव्हा नव्हतं, ते १९१५ चं.

काम झालं, पण श्रेय कुणाला किती, यावरून प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी बिनसलं. धर्मानंदांनी पडतं घेतलं नाही, १९१२ मध्ये ते परतले आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. तरी ते काम त्यांनी सोडलं नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा अमेरिका गाठली, एकूण चार फेऱ्या. कोडमध्ये कुणाचं नाव राहिलं यावरून आमच्या ऑफिसात होणारी भांडणं आठवून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. १९४० मध्ये त्यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईत काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, वॉरन यांच्यासोबत धर्मानंदांचं नाव घेऊन. तोवर धर्मानंद हयात नव्हते. आयुष्याचं काम झालं असं मानून त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ ला सेवाग्रामला देह ठेवला.

१९१८ च्या फेरीत माणिक आणि दामोदर बरोबर होते. दामोदर इथल्याच शाळेत शिकले, १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. बाळाबाई धाकट्या दोन मुलींना घेऊन भारतातच राहिल्या.

‘निवेदन’ १९१२ पाशी थांबतं, त्यामुळे हा पुढचा भाग इकडून तिकडून जमवावा लागतो. इथे वाढलेल्या मुलांना मराठी जड जात असेल, तर नात मीरा कोसंबी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे.

मी आईलाही पुस्तक वाचायला लावलं. तिला वाटलं होतं, मी हार्वर्डबद्दल बोलेन. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिने पहिल्यांदा विचारलं ते वेगळंच. हे एवढी वर्षं फिरत होते, तोवर त्या बाळाबाईंनी तान्ह्या पोरीला घेऊन दिवस कसे काढले रे? मी पानं पुन्हा चाळली. त्याबद्दल पुस्तकात फार थोडं आहे.