छोटानागपूरचे प्रेषित फादर लिव्हेन्स



नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांचे स्मरण करतो. आज अशाच एका धर्मगुरूंची ओळख करून घेऊ. त्यांचे निधन ७ नोव्हेंबर १८९३ रोजी, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी झाले.

परतवाडा ओलांडून घाट चढले की मेळघाटात आपल्याला कोरकू बांधव भेटतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही. तिचे नाते दूर पूर्वेला, आजच्या झारखंडातील मुंडा लोकांच्या भाषेशी आहे. त्या मुंडा लोकांमध्ये आणि त्यांचे शेजारी असलेल्या उराँव लोकांमध्ये फादर कॉन्स्टंट लिव्हेन्स यांनी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म ११ एप्रिल १८५६ रोजी बेल्जियममधील मूर्सलेड गावी शेतकऱ्याच्या घरी झाला. ते येशूसंघात दाखल झाले, १८८० साली भारतात आले आणि १८८३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८८५ साली ते रांचीजवळच्या तोरपा या खेड्यात राहायला गेले.

तिथे त्यांनी काय पाहिले? साल वृक्षांचे जंगल तोडून ज्यांच्या पूर्वजांनी शेते केली, तेच लोक आपल्या जमिनीवर परके झाले होते. बाहेरून आलेल्या जमीनदारांनी आणि ठेकेदारांनी सारा वाढवला होता. भरलेल्या पैशाची पावती मिळत नसे. वर बेगार, म्हणजे फुकट राबणे होतेच. कचेरीत जावे तर भाषा कळत नसे आणि कागद वाचता येत नसे.

फादर लिव्हेन्स यांनी आधी लोकांची भाषा आणि गावाच्या रीती शिकून घेतल्या. मग जमिनीचे कायदे अभ्यासले. कायद्याने ठरलेला सारा भरा, पावती मागा, जास्तीची बेगार नाकारा, असे ते सांगू लागले. लोकांचे खटले त्यांनी कोर्टात नेले आणि पुष्कळ खटले लोकांनी जिंकले. ही बातमी गावोगाव पसरली. गावेच्या गावे त्यांच्याकडे येऊ लागली आणि हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली ते घोड्यावरून दूरच्या बरवे भागात पोहोचले, तेव्हा तिथेही हेच घडले.

टीका मात्र चहूबाजूंनी झाली. जमीनदारांना ते नकोसे होते, इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांचा संशय येई. लोक जमिनीसाठी येतात, ख्रिस्तासाठी नव्हे, असेही म्हटले गेले. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. इतक्या लोकांना श्रद्धेची पुरेशी शिकवण द्यायला माणसे कमी होती, आणि पुढे काहीजण मागेही फिरले.

तरीही विचार करा. प्रभू येशूकडे आलेले आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी आधी आपले दुःख घेऊनच आले होते. प्रभूने त्यांना परत पाठवले नाही. माणूस गरजेपोटी येतो हे खरे. पण आपली गरज कुणीतरी स्वतःची मानली, हे त्याला कळते तेव्हा श्रद्धेचे दार उघडते. त्या दारातून पुढे नेण्याचे काम नंतर गावोगावच्या धर्मशिक्षकांनी चिकाटीने केले.

या धावपळीत फादरांना क्षयरोग झाला. १८९२ साली त्यांना बेल्जियमला परतावे लागले आणि पुढच्याच वर्षी लूव्हेन येथे त्यांचे निधन झाले. १९०८ साली छोटानागपूर कूळकायदा झाला. आदिवासींच्या जमिनी राखणाऱ्या या कायद्यामागे त्यांच्याच संघाचे फादर हॉफमन यांचे परिश्रम होते. १९९३ साली लिव्हेन्स यांचे अवशेष रांचीला आणण्यात आले. त्याच उराँव समाजातले तेलेस्फोर टोप्पो २००३ साली कार्डिनल झाले. महाराष्ट्रात सेवा करणाऱ्या कितीतरी सिस्टर्स त्याच डोंगरांतून आलेल्या आहेत. ज्यांना आपण दिले असे म्हणतो, तेच आज आपल्याला देत आहेत.

बंधुभगिनींनो, मेळघाटातली माणसे पोटासाठी खाली आपल्या वऱ्हाडात मजुरीला येतात. सोयाबीन सोंगायला कुणी आपल्या धुऱ्यावर आले, तर त्यांना आपण नावाने हाक मारतो का? ठरलेली मजुरी वेळेवर आणि पुरी देतो का? प्रवचन त्यांना कळेल न कळेल, पण हे नक्की कळेल. फादर लिव्हेन्स यांच्यासाठी प्रार्थना करताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारू या.

तुमचे फादर