परतीची दहा मिनिटं

घरातून बाहेर पडलेलं माणूस सुखरूप परत येईपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नसतो. निघण्याचं कौतुक जग करतं. परतीची काळजी मात्र घरच करतं. युरी गागारिनचं आयुष्य वाचताना मला हे नेहमी आठवतं.

९ मार्च १९३४ रोजी आजच्या स्मोलेन्स्क प्रांतातल्या क्लुशिनो या खेड्यात तो जन्मला. वडील सुतार, आई गोठ्यात राबणारी. युद्धात जर्मनांनी घर बळकावलं, तेव्हा हे कुटुंब जमिनीत खणलेल्या खोपटात राहिलं. पुढे युरी ओतकाम शिकला, सारातोवच्या तंत्रशाळेत गेला आणि तिथल्याच फ्लाइंग क्लबात विमानाच्या प्रेमात पडला. तो हवाई दलात वैमानिक झाला आणि १९६० साली पहिल्या वीस अंतराळवीरांत निवडला गेला.

१२ एप्रिल १९६१ रोजी तो 'व्होस्तोक'मधून निघाला, तेव्हा धाकटी मुलगी जेमतेम महिन्याची होती. न परतलो तर असावं, म्हणून पत्नी व्हॅलेंटिनासाठी त्यानं एक पत्र लिहून ठेवलं होतं.

परत येणं सोपं नव्हतं. यानाचा वेग ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर. उलट दिशेनं इंजिन पेटवून तो अगदी थोडाच कमी करायचा. यान खाली झुकलं, की बाकीचा वेग हवेनं खायचा. आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेल्यामुळे मला हा जमाखर्चच वाटतो. वेग घटला, की तेवढी उष्णता जमा होते. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या खात्यावर पडते? टोकदार यान स्वतःच जास्त तापतं. बोथट यानापुढच्या हवेला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. ती दाबली जाऊन धगधगते आणि बहुतेक उष्णता यानाला न शिवता मागे वाहून जाते. म्हणून गागारिनची कुपी चेंडूसारखी होती. तिच्यावरचा लेप जळत जाई आणि उरलेली उष्णता सोबत नेई.

पण त्या दिवशी इंजिनाचा भाग कुपीपासून सुटेना. तारांचा एक जुडगा दोघांना धरून राहिला आणि यान गरगरू लागलं. सुमारे दहा मिनिटं असंच चाललं. गागारिननं आरडाओरडा केला नाही. सगळं ठीक असल्याचाच संदेश पाठवला. अखेर तारा जळाल्या आणि कुपी मोकळी झाली. खिडकीबाहेर लालभडक उजेड, लेप तडकल्याचे आवाज आणि अंगावर स्वतःच्या वजनाच्या आठपटींहून अधिक भार!

सात किलोमीटर उंचीवर तो कुपीबाहेर फेकला गेला आणि पॅराशूटनं उतरला. उतरला तोही सारातोवच्याच परिसरात! शेतात एक आजी आणि तिची नात होती. नारिंगी पोशाखातला माणूस बघून त्या घाबरल्या. त्यानंच त्यांना धीर दिला.

विक्रमाच्या नियमानुसार वैमानिकानं यानातूनच उतरायला हवं होतं. म्हणून पॅराशूटची गोष्ट अनेक वर्षं दडवली गेली, त्या दहा मिनिटांचीही. जगभर हसतमुखानं हिंडणाऱ्या या तरुणाला आपल्या खऱ्या परतीबद्दल बोलायची मुभा नव्हती.

१९६७ साली 'सोयुझ-१'चं पॅराशूट नीट उघडलं नाही आणि त्याचा मित्र कोमारोव्ह गेला. राखीव अंतराळवीर गागारिनच होता. २७ मार्च १९६८ रोजी एका साध्या सराव-उड्डाणात त्याचंही मिग विमान कोसळलं. वय अवघं ३४.

आगीतून आलेला माणूस रोजच्या कामावरून परतला नाही. सात वर्षं जपून ठेवलेलं ते पत्र तेव्हा व्हॅलेंटिनाच्या हाती पडलं.