ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं ज्यांच्या ऋणाचें स्मरण मराठी भाविकांनीं अवश्य केलें पाहिजे, अशा पुरुषांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव अग्रभागीं येतें. सुवार्ता एकच असली, तरी ती ज्या लोकांस सांगावयाची त्यांच्या वाणींतून व रीतींतूनच ती हृदयांत उतरते, हें सत्य त्यांनीं आपल्या चरित्रानें दाखवून दिलें.

त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर प्रांतीं झाला. राणी एलिझाबेथच्या त्या राज्यांत कॅथॉलिक धर्म उघडपणें पाळणें संकटाचें होतें. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांस तुरुंगवास घडला. स्टीफन्स रोमास गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांनीं लिस्बन बंदर सोडलें आणि २४ ऑक्टोबरास ते गोव्यास पोहोंचले. मायदेश त्यांस पुन्हां दिसला नाहीं. पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः साष्टी प्रांताच्या सेवेंत घालविलीं.

साष्टीची स्थिति त्या काळीं बिकट होती. १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें तेथील हिंदु देवालयें पाडविलीं व हिंदु धर्मग्रंथांस मज्जाव केला. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें क्षुब्ध गांवकऱ्यांनीं फादर रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह येशूसंघाच्या पांच जणांचा वध केला. त्यानंतर सत्ताधाऱ्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून ठार मारिलें. दोन्ही बाजूंचें रक्त सांडलेल्या त्या भूमींत फादर स्टीफन्स यांस उपदेश करावयाचा होता. हुतात्म्यांचें स्मरण आपण भक्तिभावानें करितों. परंतु बळाच्या योगानें झालेला अन्यायहि आपण झांकूं नये, कारण तो ध्यानीं घेतल्यावांचून या धर्मगुरूंच्या कार्याचें मोल कळणार नाहीं.

नवख्रिस्ती लोकांची एक खरी उणीव त्यांनीं ओळखली. हे लोक पिढ्यानपिढ्या पुराणश्रवणांत वाढलेले. आतां त्यांच्यापुढें प्रश्नोत्तरांची लहानशी शिकवण तेवढी उरली होती. या उपदेशाखेरीज आम्हांस ऐकावयास एखादें पुराण कां नसावें, असा प्रश्न एका ब्राह्मणानें केल्याचा प्रसंग फादरांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभीं घातला आहे. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच ख्रिस्तपुराण होय.

हा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. छंद ओवीचा, भाषा कोंकणी शब्दांची छटा असलेली मराठी. स्वर्गास वैकुंठ, प्रभूस स्वामी असे ऐकणाऱ्यांच्या परिचयाचे शब्द त्यांनीं निःसंकोच योजिले. सिद्धांतांत मात्र तिळमात्र फरक पडूं दिला नाहीं. मराठीची त्यांनीं केलेली स्तुति आजहि मराठी वाङ्मयाचें भूषण गणली जाते. लोकांच्या बोलीकडेहि त्यांचें दुर्लक्ष नव्हतें. कोंकणींत त्यांनीं शिकवणीचें पुस्तक रचिलें, तें १६२२ सालीं निघालें. त्यांचें कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. परंतु हीं दोन्हीं छापलेलीं पाहण्यास ते उरले नव्हते. १६१९ सालीं त्यांचें देहावसान झालें.

ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. देवळांत तें वाचलें जाई व भाविक तल्लीन होऊन ऐकत. पुढें वारा फिरला. १६८४ सालीं पोर्तुगीज विसरेईनें देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम काढिला. छापील प्रतींपैकीं आज एकहि उपलब्ध नाहीं. तथापि ग्रंथ बुडाला नाहीं. भाविकांनीं हातानें नकला करून तो जपला. त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें सालढाणा यांनीं तो प्रसिद्ध केला, आणि १९५६ सालीं पुण्यास बंडेलू यांनीं त्यास देवनागरी रूप दिलें. राजाज्ञेनें जें पुसूं पाहिलें, तें सामान्य भाविकांच्या बोरूनें राखलें.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पवित्र मिस्सा आपल्या मातृभाषेंत होऊं लागली, तेव्हां जगास नवलाची वाटलेली ही वाट या परदेशी पाद्रीनें साडेतीन शतकांपूर्वींच चोखाळली होती. धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त आपण वास्तु सजवितों, तें योग्यच. परंतु आपलीं मुलें प्रभूची कथा कोणत्या भाषेंत ऐकतात व गातात, याचाहि विचार घरोघरीं व्हावा. परक्यानें जी भाषा प्रेमानें जवळ केली, ती आपण आपल्या प्रार्थनेंतून दूर सारूं नये. त्यांच्या ऋणाची थोडीबहुत फेड करण्याचा मार्ग तोच होय.