मैदान बंद करणारा अध्यक्ष

अमेरिकेत विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूच्या जागी बसणारा माणूस. त्याने एखादा अभ्यासक्रम बंद केला तर चार प्राध्यापक नाराज होतात आणि विषय संपतो. फुटबॉलला हात लावला तर मात्र सारे शहर खवळते. २१ डिसेंबर १९३९ रोजी शिकागो विद्यापीठाच्या विश्वस्तांनी आंतरविद्यापीठीय फुटबॉलमधून बाहेर पडण्याचा ठराव केला. त्यामागे होते विद्यापीठाचे चाळिशीच्या उंबरठ्यावरचे अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स. विश्वस्त मंडळाचे प्रमुख हॅरॉल्ड स्विफ्ट स्वतः फुटबॉलचे शौकीन होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट किती अवघड होती ते कळते.

हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून, समोरच्याला अंगाने आडवे पाडीत पुढे सरकण्याचा हा खेळ अमेरिकेत वाढला तो महाविद्यालयांच्याच अंगणात. धंदेवाईक संघ मागाहून आले. त्यामुळे विद्येचे घर आणि खेळाची बाजारपेठ एकाच आवारात नांदत आली. या दोघांत भांडण होणार हे उघड होते. हचिन्स यांनी ते भांडण चव्हाट्यावर आणले.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १८९९ चा, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. वडील धर्मोपदेशक. पुढे ते ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे प्राध्यापक झाले आणि रॉबर्टचे बालपण त्या लहानशा, सोवळ्या कॉलेजगावात गेले. पहिल्या महायुद्धात त्याने इटलीच्या आघाडीवर रुग्णवाहिका पथकात काम केले आणि शौर्याचे पदकही मिळवले. परत आल्यावर येल विद्यापीठात तो कामे करीत शिकला. १९२१ मध्ये पदवी, १९२५ मध्ये कायद्याची पदवी आणि १९२८ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, येलच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठातापद, असा हा वेग होता. पुढच्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, तेव्हा त्यांनी नुकती तिशी गाठली होती. उंच, देखणे, जिभेने तिखट असे हे अध्यक्ष आपल्याच काही प्राध्यापकांना मुलाच्या वयाचे वाटत असतील!

हचिन्स ज्या विद्यापीठात आले तिथे फुटबॉल हा पायाच्या दगडांपैकी एक होता. रॉकफेलरच्या पैशावर १८९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना नव्या संस्थेचे नाव झटपट देशभर पोचवायचे होते. त्यासाठी त्यांनी नामवंत विद्वान आणले, तसेच येलमधील आपले जुने विद्यार्थी एमॉस अलॉन्झो स्टॅग यांनाही आणले. १८९२ मध्ये स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख करून कायम नोकरीसह सहयोगी प्राध्यापकपद देण्यात आले. प्रशिक्षकाला प्राध्यापकांच्या पंगतीत बसवण्याची ही रीत त्या काळी नवी होती. हेतूही वाईट नव्हता. ज्याची नोकरी विजयावर अवलंबून नाही त्याला गैरमार्गाची गरज पडणार नाही, असा त्यात हिशेब होता.

हिशेब पुरता जमला नाही. संघ जिंकत गेला. १९०५ मध्ये मिशिगनचा छप्पन्न सामन्यांचा अपराजित क्रम शिकागोने २-० असा मोडला, तेव्हा त्या संघाचा नायक होता वॉल्टर एकरसॉल. पण त्याच वर्षी कॉलियर्स साप्ताहिकाने लेखमालाच छापली आणि प्रवेशाच्या अटी पूर्ण नसताना एकरसॉलला विद्यापीठात घेतल्याचे उघड केले. तो संघासाठी खेळला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. मैदानावर नाव कोरले गेले, परीक्षेच्या निकालपत्रावर नाही. ज्या मुलाच्या जोरावर तिकिटे खपली त्याला विद्यापीठाने बदल्यात काय दिले, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

१९२९ च्या ऑक्टोबरात कार्नेगी प्रतिष्ठानचा महाविद्यालयीन खेळांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभरावर संस्था पाहून पाहणी करणाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला की बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना हेरून आणले जाते आणि या ना त्या वाटेने पैसे पुरवले जातात. हचिन्स यांची कारकीर्द नेमकी त्याच सुमारास सुरू होत होती.

गंमत अशी, की फुटबॉलवर पहिला घाव त्यांनी घातला तो फुटबॉलचे नावही न घेता. १९३१ पासून शिकागोत नवी शिक्षणयोजना अमलात आली. वर्गातली हजेरी सक्तीची राहिली नाही. वर्षभराच्या सर्वंकष परीक्षा आल्या आणि त्यांच्या प्रश्नपत्रिका काढण्याचे काम स्वतंत्र परीक्षा मंडळाकडे गेले. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेत शिकवणारा प्राध्यापकच गुण देतो, आणि शनिवारी ज्याच्या नावाने आपण टाळ्या वाजवल्या त्या मुलाला सोमवारी नापास करणे कुणालाही जड जाते. शिकागोत ती सवलत संपली. शिवाय इतर विद्यापीठांत खेळाडूंना सामावून घ्यायला शारीरिक शिक्षणासारखे सोपे पदवी अभ्यासक्रम असत. शिकागोत तशी पळवाट नव्हती. चेंडू घेऊन धावणाऱ्यालाही तत्त्वज्ञान, इतिहास, भौतिकशास्त्र यांच्या त्याच परीक्षेतून जावे लागे.

१९३२ च्या हंगामानंतर सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना नियमावर बोट ठेवून निवृत्त करण्यात आले. म्हाताऱ्याने हार मानली नाही. कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन त्यांनी आणखी चौदा वर्षे संघ शिकवले आणि १९६५ मध्ये १०२ वर्षांचे होऊन ते वारले. शिकागोत त्यांच्या जागी आलेले क्लार्क शॉनेसी कसबी प्रशिक्षक होते, पण कच्चा माल येईनासा झाला होता.

नाही म्हणायला एक हिरा होता. जे बरवॅंगर. मिळतील ती कामे करून शिकणाऱ्या या खेळाडूला १९३५ मध्ये देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा करंडक मिळाला. पुढे हाइझमन करंडक म्हणून गाजलेल्या पुरस्काराचा तो पहिला मानकरी. १९३६ मध्ये धंदेवाईक संघांनी पहिल्यांदाच खेळाडूंची रीतसर निवड केली, तेव्हा पहिले नाव त्याचेच निघाले. तो गेला नाही. पदवी घेऊन उद्योगात शिरला. अभ्यास आणि खेळ एकत्र नांदू शकतात याचा तो चालताबोलता पुरावा होता. पण असे विद्यार्थी एखाददुसरेच असतात आणि संघाला अकरा लागतात.

डिसेंबर १९३८ मध्ये हचिन्स यांनी सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या लाखो घरांत जाणाऱ्या साप्ताहिकात लेख लिहिला. त्याचे शीर्षकच तिकीटविक्री आणि कीर्ती यांच्यावर होते. हा लेख म्हणजे खेळाचा द्वेष, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. वास्तविक त्यांचा रोख खेळावर नव्हता, खेळाच्या धंद्यावर होता. तिकीट दहा सेंटांवर आणा, प्रशिक्षकांना प्राध्यापकांसारखी नोकरीची हमी द्या, चार निवडक मुलांऐवजी सर्व विद्यार्थ्यांना खेळू द्या, असे त्यांचे उपाय होते. प्रेक्षागृहाचे कर्ज फेडायचे तर तिकिटे खपली पाहिजेत, तिकिटे खपायची तर जिंकले पाहिजे, जिंकायचे तर खेळाडू विकत घेतले पाहिजेत आणि विकत घेतलेल्या खेळाडूला पासही केले पाहिजे, ही साखळी त्यांनी उलगडून दाखवली.

मग १९३९ चा हंगाम उजाडला. ऑक्टोबरात मिशिगनने शिकागोला ८५-० असे हरवले. हार्वर्डने ६१-०, ओहायो स्टेटनेही ६१-०. बेलॉइटसारख्या छोट्या कॉलेजनेही मात केली. पन्नास हजारांवर माणसे सामावणाऱ्या स्टॅग फील्डच्या पायऱ्या ओस पडल्या. आठ सामन्यांत दोन विजय. त्यातला दुसरा, आणि त्या पर्वातला अखेरचा, हचिन्स यांच्याच जुन्या ओबर्लिन कॉलेजविरुद्ध! शेवटच्या सामन्यात इलिनॉयने ४६-० असे लोळवले. पण या आकड्यांमागच्या मुलांची कुचेष्टा करू नये. ती खरोखरच विद्यार्थी होती. शनिवारी मैदानावर मार खात होती आणि सोमवारी इतरांसारखीच वर्गात बसत होती. त्यांना भाड्याने आणलेल्या पहिलवानांसमोर उभे करणे हा अन्याय होता आणि तोच ठरावाचा सर्वांत सबळ आधार होता.

जानेवारी १९४० मध्ये हचिन्स विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी निर्णयाची कारणे सांगितली. खंबीरपणाबद्दल त्यांचे कौतुक झाले, पण एक शंका तेव्हाही होती आणि आजही घेता येते. बरवॅंगर गाजत होता त्या १९३५ साली ठराव का आला नाही? जिंकणारा संघ बंद करण्याची ताकद हचिन्स यांच्यातही नव्हती, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर असावे. तत्त्व त्यांच्याकडे आधीपासून होते. संधी दिली ती पराभवांनी.

ओस पडलेल्या स्टॅग फील्डला लवकरच वेगळा उपयोग सापडला. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच्या पश्चिमेकडील पायऱ्यांखालच्या बंदिस्त खेळघरात एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी घडवून आणली. फुटबॉल बंद केल्यामुळे विज्ञान फुलले, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. विज्ञान आधीच फुलले होते, कारण हचिन्स माणसे पारखून आणीत. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ मध्ये या विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत आले ते हचिन्स यांच्याच पाठबळावर. कातडीच्या रंगावरून त्यांच्या शिकागोतील व्याख्यानांना आडकाठी झाली तेव्हा अध्यक्ष त्यांच्या मागे उभे राहिले. १९४६ मध्ये प्रिन्स्टनचे बोलावणे आले तेव्हा चंद्रशेखर यांना थांबवून घेणारेही हचिन्सच. खेळाडूसाठी परीक्षेचा निकष सैल न करणारा माणूस विद्वानाच्या बाबतीतही विद्वत्तेखेरीज दुसरा निकष मानत नव्हता.

हचिन्स यांच्या वाटेने देशातील इतर विद्यापीठे जातील, ही अपेक्षा फोल ठरली. मोठ्या विद्यापीठांपैकी कुणीही अनुकरण केले नाही. स्वतः शॉनेसी १९४० मध्ये स्टॅनफर्डला गेले आणि पहिल्याच हंगामात त्यांचा संघ अपराजित राहिला. शिकागो १९४६ मध्ये बिग टेन या आपल्या जुन्या संघटनेतून बाहेर पडले. १९५१ मध्ये हचिन्स यांनी विद्यापीठ सोडले, तेव्हा कॉलेजची विद्यार्थीसंख्या घसरत चालली होती. परिसरातील गुन्हेगारी, शाळा पूर्ण होण्याआधीच प्रवेश देण्याचे धोरण अशी कारणे त्यामागे होती. टीकाकारांनी त्यात फुटबॉलही जोडला. त्याच १९५१ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी प्रबोधिनीतून नव्वद छात्रांना परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल काढावे लागले आणि त्यांत फुटबॉल संघातील पुष्कळ मुले होती.

यानंतरचा हचिन्स यांचा काळ फोर्ड प्रतिष्ठानात, नागरी स्वातंत्र्याच्या कामात आणि कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे स्वतः काढलेल्या अभ्यास केंद्रात गेला. पाश्चात्त्य विचारग्रंथांची ५४ खंडांची माला त्यांच्या संपादनाखाली १९५२ मध्ये निघाली. १४ मे १९७७ रोजी सांता बार्बरा येथेच त्यांचे निधन झाले.

त्याआधीच शिकागोत फुटबॉल परतला होता. १९६३ मध्ये हौशी संघ उतरला तेव्हा विद्यार्थ्यांनीच मैदानात ठाण मांडून निषेध केला. १९६९ मध्ये अधिकृत संघ सुरू झाला, पण क्रीडा शिष्यवृत्ती नाही, तिकिटांच्या उत्पन्नावर भिस्त नाही. जुन्या स्टॅग फील्डच्या जागी १९७० मध्ये रेगेनस्टाइन ग्रंथालय उघडले. संघ मात्र दुसऱ्या मैदानावर खेळतोच आहे. हार्वर्ड, येल आदी आठ विद्यापीठांनीही १९५४ च्या करारात क्रीडा शिष्यवृत्ती नाकारली आणि फुटबॉल ठेवला. म्हणजे हचिन्स यांच्या १९३८ च्या लेखातला लोकांनी न वाचलेला अर्धा भागच खरा ठरला. अडचण खेळाची नव्हती, पैशाची होती.

उलट बाजूचा दाखला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने दिला. तिथे १९९३ ते २०११ या काळात एका विभागात कधीच न भरणारे वर्ग कागदावर चालत होते. एक निबंध द्यायचा आणि तो कार्यालयातील कर्मचाऱ्याने उदारपणे तपासायचा. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. स्वतंत्र परीक्षा मंडळ कशासाठी असते, हे यावरून समजावे. त्या मुलांना गुण मिळाले, शिक्षण मिळाले नाही. एकरसॉलला तेवढे फसवे गुणही मिळाले नव्हते, एवढाच काय तो शंभर वर्षांतला फरक.

२०२१ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाच त्यांना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. लपून चालणारा व्यवहार उघड झाला आणि घाम गाळणाऱ्याला त्याचा वाटा मिळाला, हे चांगलेच आहे. पण पगार मिळाला म्हणून उत्तरपत्रिका आपोआप कोरी राहायची थांबत नाही. ती तपासायची कुणी, हे हचिन्स यांनी १९३१ मध्येच ठरवून टाकले होते आणि त्यांच्या कामातला तोच भाग आज इतर विद्यापीठांच्या अधिक उपयोगाचा आहे.