कंपनीचा कारकून आणि स्वातंत्र्याचा भाष्यकार

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जॉन स्टुअर्ट मिल हा व्यक्तिस्वातंत्र्याचा थोर प्रवक्ता म्हणून भेटतो आणि परीक्षा संपली की विद्यार्थ्यांच्या विस्मृतीत जातो. युरोपच्या राजकीय विचारात स्वातंत्र्याची इतकी नितळ मांडणी करणारा हा गृहस्थ आयुष्याची पस्तीस वर्षे आपल्या देशावर राज्य करणाऱ्या व्यापारी कंपनीच्या चाकरीत होता, ही गोष्ट मात्र ही पुस्तके ओझरतीच सांगतात. आम्हांस त्याच्या चरित्राकडे पुन्हा वळावेसे वाटते ते याच कारणाने.

मिलचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. बाप जेम्स मिल हा करारी स्कॉटिश विद्वान होता. बेंथॅमच्या उपयुक्ततावादावर त्याची अढळ श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेचा पहिला प्रयोग त्याने पोटच्या पोरावर केला. मुलाला तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतले, आठव्या वर्षी लॅटिन. खेळगडी नाहीत, शाळा नाही. सकाळी न्याहारीपूर्वी बापाबरोबर फिरायला जायचे आणि आदल्या दिवशी वाचलेले तोंडी सांगायचे. याच काळात जेम्स मिल ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होता. हा माणूस कधी हिंदुस्थानात आला नाही, येथील एकही भाषा शिकला नाही. उलट त्यामुळेच आपली दृष्टी निःपक्षपाती राहिली असे त्याला प्रामाणिकपणे वाटे. १८१७ सालच्या त्या ग्रंथात हिंदूंची संस्कृती अगदी खालच्या पायरीवरची ठरविण्यात आली. ग्रंथाने नाव मिळविले आणि १८१९ मध्ये लेखकाला ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीही मिळवून दिली. अकरा वर्षांच्या मुलाने त्या ग्रंथाचे हस्तलिखित वाचून दाखविले होते. बालवयातील असे संस्कार पुसले जाणे किती कठीण, हे पुढे दिसणारच आहे.

सतरावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ मे १८२३ रोजी, मुलगाही बापाच्या हाताखाली कंपनीच्या लंडनमधील कचेरीत रुजू झाला. विसाव्या वर्षी मात्र हे घडीव यंत्र एकाएकी थांबले. आपल्याला हव्या त्या सर्व सुधारणा या क्षणी अमलात आल्या तर आपण सुखी होऊ काय, असे त्याने स्वतःला विचारले आणि आतून उत्तर नकारार्थी आले. कित्येक महिने तो खिन्नतेत होता. त्यातून त्याला बाहेर काढण्यास वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचे मोठे साहाय्य झाले. बापाच्या अभ्यासक्रमात काव्य नव्हते असे नाही, पण भावनेला तेथे जागा नव्हती.

लीडनहॉल स्ट्रीटवरील इंडिया हाऊसमध्ये मिल जे काम करी ते आजच्या सचिवालयातील कोणाही अधिकाऱ्याच्या ओळखीचे वाटेल. कलकत्ता, मुंबई, मद्रास येथून आलेले कागद वाचावेत, मागचे संदर्भ काढावेत आणि उत्तराच्या खलित्याचा मसुदा तयार करावा. मसुदा संचालकांकडे, तेथून सरकारी नियंत्रण मंडळाकडे जाई आणि काटछाट होऊन महिन्यांनी समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोहोचे. त्याच्याकडे मुख्यतः देशी संस्थानांशी असलेल्या संबंधांचे दप्तर होते. असे सोळाशे-सतराशे खलिते त्याच्या हातून उतरले. त्यांपैकी १८३६ सालचा एक मसुदा तरी आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरून संस्कृत-अरबी विद्यांची सरकारी मदत तोडण्याचा घाट घातला, तेव्हा लंडनहून त्याला विरोध करणारा मसुदा मिलने लिहिला. देशी पंडितांना डावलून वरून लादलेली विद्या समाजात झिरपणार नाही, असे त्याचे मत होते. नियंत्रण मंडळाच्या अध्यक्षाने तो मसुदा दाबून टाकला.

कचेरीचे काम आटोपून उरलेल्या वेळात मिलने तर्कशास्त्रावरचा (१८४३) आणि अर्थशास्त्रावरचा (१८४८) असे दोन जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. याच वर्षांत त्याचे खासगी आयुष्य लंडनच्या दिवाणखान्यांत चघळले जात होते. १८३० साली त्याची हॅरिएट टेलर या विवाहित, बुद्धिमान स्त्रीशी ओळख झाली आणि वीस वर्षांहून अधिक काळ तो स्नेह जगाच्या कुजबुजीला न जुमानता टिकला. तिचा पती वारल्यावर १८५१ मध्ये दोघांनी विवाह केला. त्या वेळी मिलने एक लेखी निवेदन करून, कायदा नवऱ्याला बायकोवर जे अधिकार देतो ते आपल्याला मान्य नाहीत असे नोंदवून ठेवले. राजाच्या जुलमापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जुलूम अधिक खोल शिरतो, हे त्याला केवळ पुस्तकातून कळले नव्हते.

१८५७ च्या उठावानंतर कंपनी बरखास्त होणार हे दिसू लागताच तिच्या बचावाचा अर्ज पार्लमेंटपुढे गेला. तो लिहिला मिलनेच. कंपनी गेली. नव्या कौन्सिलातील जागा त्याने नाकारली आणि सालीना पंधराशे पौंडांचे निवृत्तिवेतन घेऊन तो मोकळा झाला. प्रवासात फ्रान्समधील आव्हिन्यों येथे नोव्हेंबर १८५८ मध्ये हॅरिएट वारली. दोघांनी मिळून घासूनपुसून सिद्ध केलेला 'ऑन लिबर्टी' हा छोटा ग्रंथ पुढच्याच वर्षी तिला अर्पण होऊन प्रसिद्ध झाला.

दडपलेले मत खरे असेल तर समाज सत्याला मुकतो. खोटे असेल तर खऱ्या मताला झुंजण्याची संधी न मिळाल्याने ते निर्जीव पोपटपंची होऊन बसते. आणि बहुधा दोन्हीकडे सत्याचा काही अंश असतो. इतकी साधी ही विचारसरणी आहे. १९६१ पूर्वीच्या गोमंतकात ज्यांनी प्रत्येक मजकूर छापण्याआधी सेन्सॉरपुढे ठेवला, त्यांना तिचे मोल निराळे सांगावयास नको. पण याच ग्रंथाच्या आरंभी मिलने एक रेषा आखून ठेवली आहे. हे तत्त्व प्रौढ समाजांपुरते. मागासलेल्या समाजांना अकबर किंवा शार्लमेन यांच्यासारखा चांगला हुकूमशहा लाभला तर तेच त्यांचे भाग्य, असा तिचा आशय. हिंदुस्थान रेषेच्या पलीकडे पडला हे उघडच आहे.

आमच्या मते मिलचा खरा पराभव येथे आहे, आणि तो त्याच्याच युक्तिवादाने होतो. समाज प्रौढ झाला की नाही हे ठरविणार कोण? राज्य करणाराच. स्वतःला अचूक समजणाऱ्या सत्ताधीशावर विश्वास ठेवू नका असे जो पुढच्याच प्रकरणात बजावतो, त्याने हा निवाडा बिनदिक्कत त्याच सत्ताधीशाच्या हाती दिला. १८६९ साली स्त्रियांच्या दास्यावर लिहिताना तो म्हणतो की, स्त्रीला कधी मोकळे सोडलेच नाही, तेव्हा तिचा स्वभाव काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही. हेच सूत्र आपल्या देशाला लावावे असे त्याला सुचले नाही. १८६६ सालच्या एका पत्रात तर त्याने दत्तकाच्या प्रश्नावर संस्थानांची प्रतवारीच लावली. राजपुतांची राज्ये जुनी, मातीत रुजलेली, त्यांचा मान राखावा. परंतु शिंदे, होळकर, गायकवाड ही घराणी आपापल्या प्रजेला परकीच, त्यांना दत्तकाचा हक्क नव्हे, चांगल्या कारभाराबद्दल मिळालेच तर बक्षीस. मराठे माळव्यात व गुजरातेत परके असतील, तर सहा हजार मैलांवरून कागद पाठविणारे कोण, हा प्रश्न मात्र त्याने तितक्या कठोरपणे विचारला नाही. परके तेही आहेत आणि आपणही, एवढी कबुली देऊन तो पुढे गेला.

तथापि त्याला ढोंगी म्हणण्यास आम्ही तयार नाही. १८६५ साली वेस्टमिन्स्टरमधून तो निवडणुकीस उभा राहिला तो पैसा खर्च करणार नाही या अटीवर. कामगारांच्या सभेत कोणी विचारले की, कामगारवर्ग बहुधा खोटारडा असतो असे तुम्ही लिहिले आहे काय? होय, लिहिले आहे, एवढेच त्याचे उत्तर. आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. पार्लमेंटात गेल्यावर, जमैकात शेकडो कृष्णवर्णीयांना ठार करविणाऱ्या गव्हर्नर आयरला न्यायासनापुढे खेचण्यासाठी झटणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्याने घेतले. खुनाच्या धमक्या आल्या, तो हटला नाही. २० मे १८६७ रोजी, म्हणजे एकसष्टाव्या वाढदिवशी, स्त्रियांना मताधिकार देण्याची त्याची सूचना मतास पडली आणि ७३ विरुद्ध १९६ मतांनी हरली. पुढच्या वर्षी तो स्वतःच पडला. निवडून आलेले स्मिथ हे रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तक-वर्तमानपत्रांच्या दुकानांचे मालक होते.

पत्नीच्या थडग्याजवळ घेतलेल्या आव्हिन्योंच्या घरात मे १८७३ मध्ये मिल वारला. त्या वेळी टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर हा दरिद्री विद्यार्थी सोळा वर्षांचा होता. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने मिल आणि स्पेन्सर अधाशासारखे वाचले. आपण ज्या रेषेपलीकडे ढकललो गेलो आहोत ती आगरकरांनी जुमानली नाही. ग्रंथातला विचार तेवढा उचलला, आणि तो कलेक्टरपुरता न ठेवता घरातल्या विधवेपर्यंत, केशवपनापर्यंत, संमतिवयापर्यंत नेला. 'केसरी' सोडून १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ज्या जुलमाविषयी मिलने लिहिले होते तो पुण्याच्या रस्त्यावर उतरला. आगरकर हयात असताना लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. 'सुधारक'चा पुढला अंक ठरल्या दिवशी निघाला.