हवेच्या मापाला शिस्त लावणाऱ्या अ‍ॅना मणी

पुणे : मंडईतील तराजूवर वैधमापन खात्याची मुद्रा असावी लागते, कारण माप चुकले, की पुढचा सारा हिशेब चुकतो. हवामानाच्या उपकरणांना हीच शिस्त लावण्याचे कार्य शिवाजीनगरच्या वेधशाळेत अ‍ॅना मणी यांनी केले.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याची कर्णभूषणे नाकारून त्यांनी विश्वकोश मागितला होता. १९४० मध्ये त्या बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे व माणकांवर त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले, मात्र एम.एस्सी. पदवी नसल्याच्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट नाकारण्यात आली. १९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि हवामान उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तोवर बहुतेक उपकरणे परदेशातून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांची निर्मिती देशातच सुरू केली. चुकीच्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी, असा त्यांचा आग्रह असे.

वणवा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. तथापि, त्या आग्रहाचे मोल तेथेच कळते. वणव्याच्या धोक्याची प्रतवारी करण्याची कॅनडाची पद्धत अनेक देशांनी स्वीकारली आहे. ती दुपारच्या चार नोंदींवर उभी आहे : तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि मागील चोवीस तासांतील पाऊस. त्यांवरून पालापाचोळा किती वाळला आहे, हे काढले जाते. मग वाऱ्याचा जोर धरून आग किती वेगाने पसरेल, याचा अंदाज बांधला जातो. आजचा आकडा कालच्या आकड्यावरून निघत असल्याने एका दिवसाची चूक पुढेही झिरपते. ओल्या तापमापकाची कापडी वात सुकली वा मळली, तरी हवा प्रत्यक्षाहून दमट दिसते. धोका मग कमी ठरतो आणि पहारा नसलेल्या डोंगरावर वणवा पेटू शकतो.

उपमहासंचालक पदावरून १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर मणी यांनी सौर व पवन ऊर्जेची देशव्यापी आकडेवारी सिद्ध केली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. उन्हाळ्यात पुण्याभोवतालच्या टेकड्यांवरील गवत वाळते, तेव्हा अचूक नोंदीचा त्यांचा धडा आजही तितकाच लागू पडतो.