मोबाईल नसताना आकाशाचं सिम्युलेशन करणारे दीक्षित मास्तर

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रात्री मोजून दहा-बारा तारे दिसतात. त्यामुळे ग्रह बघायचे तर मी मोबाईलच काढतो. ब्राउझरमध्ये नासाचं ‘आइज ऑन द सोलर सिस्टीम’ उघडलं, की थेट शनीच्या कड्यांजवळ जाता येतं. पण तिथे दिसतो तो कॅमेऱ्याचा लाईव्ह व्हिडिओ नसतो. ग्रह या क्षणी कुठे आहे हे गणित ठरवतं आणि यानांनी टिपलेली छायाचित्रं त्या गोळ्यावर चढवली जातात. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

यातलं गणिताचं काम नुसत्या कागदावर करणारा एक माणूस काही काळ आपल्या ठाण्यात राहून गेलाय: शंकर बाळकृष्ण दीक्षित.

त्यांचा जन्म 1853 चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. आधी रेवदंडा, 1880 च्या सुमारास ठाणे, मग बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशा बदल्या होत राहिल्या. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात ज्योतिषाचं गणित. इथे ज्योतिष म्हणजे भविष्य नव्हे, खगोलशास्त्र.

त्या काळी बरीचशी पंचांगं ‘ग्रहलाघव’ या 1520 च्या ग्रंथावरून बनत. त्याची सूत्रं सोपी होती, पण साडेतीनशे वर्षांत थोडी थोडी चूक साचत गेली. परिणाम असा, की पंचांगातली ग्रहाची जागा आणि आकाशातली जागा यांत फरक पडू लागला. आजच्या भाषेत सांगायचं तर ॲप वर्षानुवर्षं अपडेटच झालं नव्हतं.

दुसरी अडचण ऋतूंची. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला, पण आपण मकरसंक्रांत करतो जानेवारीच्या मध्यावर. हा फरक काढून टाकणारं सायन पंचांग असावं, अशी बाजू विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी लावून धरली. वाद बराच रंगला. लोकांनी ते पंचांग काही स्वीकारलं नाही. संक्रांत अजून जानेवारीतच येते. पण गणित आकाशाशी ताडून बघायचं, हा आग्रह मला पटतो.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गणित कृत्तिकांचं. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. आज मात्र त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, म्हणून हा बदल होतो. दीक्षितांनी उलटा हिशेब केला आणि काळ काढला: इसवी सनापूर्वी सुमारे 3000. या उल्लेखाचा हा अर्थ सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण त्यातलं गणित आपण स्वतः तपासू शकतो. संगणकावर मोफत मिळणाऱ्या ‘स्टेलॅरियम’मध्ये वर्ष -2999 टाका आणि कृत्तिका उगवताना बघा. जवळजवळ नेमक्या पूर्वेला दिसतील!

आपल्यासारख्या सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं. त्याचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे 48 मिनिटं. आपला रात्रीचा स्क्रीन टाइम याहून जास्तच असेल. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा मोठा इतिहास 1896 मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट स्यूएलबरोबर लिहिलेलं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तकही त्याच वर्षी आलं. दोनच वर्षांनी, 1898 मध्ये, ते पुण्यात वारले. वय अवघं 44.

मला त्यांच्याकडून एक सवय लागली: स्क्रीनवर दिसतंय त्यातलं मोजलेलं किती आणि भरून काढलेलं किती, हे विचारायचं. युरेनसचंच घ्या. त्याच्याजवळून आजवर एकच यान गेलंय, 1986 मध्ये व्हॉयेजर 2. तेव्हा त्याच्या मोठ्या चंद्रांच्या दक्षिण भागावर ऊन होतं आणि उत्तरेकडचा बराचसा भाग अंधारात राहिला. त्यामुळे एखाद्या ॲपमध्ये ते चंद्र सगळीकडून सारखेच स्पष्ट दिसले, तर बाकीचा भाग कल्पनेने रंगवलाय असं समजा.

आज रात्री एवढं करा. ॲपमध्ये गुरू किंवा शुक्र कुठे आहे ते बघा, मग मोबाईल खिशात ठेवून तो आकाशात शोधा. हे दोघे ठाणे-डोंबिवलीच्या झगमगाटातही दिसतात. ॲपने सांगितलेल्या जागीच सापडला, तर मास्तरांच्या परीक्षेत ॲप पास!